ड्रग्जला मोकळीक की फाशी: वाद नेमका कशाचा?

सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून जास्त शुद्ध हेरॉइनची तस्करी करताना कोणी सापडलं, तर कायद्याने त्याची शिक्षा ठरवून ठेवली आहे: फाशी. स्वित्झर्लंडमध्ये तेच हेरॉइन सरकारमान्य दवाखान्यात, परिचारिकेच्या डोळ्यांदेखत रुग्णाला दिलं जातं. रुग्ण येतो, मोजून दिलेला डोस घेतो, थोडा वेळ बसतो आणि आपल्या कामाला जातो. पदार्थ एकच. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे कायदा नीट चालतो, आणि दोन्हीकडचं सरकार सांगतं की आमच्या पद्धतीने माणसांचे जीव वाचतात.

या विषयावर बोलायला बसलं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, चार विक्रेत्यांना फासावर चढवा, बाकीचे सुतासारखे सरळ येतील. दुसरा म्हणतो, बंदीच उठवा, काळा बाजार आपसूक मरेल. गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या देशांनी हे दोन्ही उपाय करून पाहिले आहेत, आणि यातलं काहीही आपसूक घडलेलं नाही.

गोंधळ होतो तो चार वेगळे प्रश्न एकाच दमात विचारल्यामुळे. नशा करणाऱ्याला गुन्हेगार मानायचं का? विकणाऱ्याला मानायचं का? विक्रीला परवानगी दिली तर ती कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर? आणि शिक्षा द्यायचीच ठरली, तर ती किती कडक हवी? पोर्तुगालने पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं, पण विक्री हा गुन्हाच ठेवला. कॅनडाने फक्त गांजापुरती पहिली तिन्ही उत्तरं बदलली. हेरॉइनच्या व्यसनाचं काय करायचं, एवढंच स्वित्झर्लंडने ठरवलं. त्यामुळे कोणी 'ड्रग्ज कायदेशीर करा' म्हणालं, की कोणतं ड्रग, कोणासाठी आणि विकणार कोण, हे आधी विचारून घ्यावं. नाहीतर एक जण गांजाबद्दल बोलत असतो आणि दुसरा फेंटानिल या जहाल कृत्रिम पदार्थाबद्दल, आणि भांडण रंगत जातं.

नशेतून गुन्हा कसा जन्मतो

नशा आणि गुन्हा यांची सांगड सगळेच घालतात. ती नेमकी कशी पडते, याची उपयोगी मांडणी अमेरिकेतले अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये केली. त्यांनी तीन वाटा दाखवल्या. पहिली वाट म्हणजे पदार्थ डोक्यात गेला, तोल सुटला आणि माणसाने कोणावर तरी हात उचलला. दुसरी म्हणजे पदार्थ महाग, खिसा रिकामा, म्हणून चोरी, घरफोडी, लूट. तिसरी वाट धंद्याची. माल कोणाच्या हद्दीत विकायचा, उधारी कोणी बुडवली, खबर कोणी दिली, या भांडणांत पडणारे मुडदे. धंदाच बेकायदा असल्यामुळे ही भांडणं कोर्टात जात नाहीत, बंदुकीने मिटतात.

या मांडणीचं मोल असं, की बंदी उठवली किंवा कडक केली तर कुठे काय हलेल हे तिच्यामुळे दिसतं. गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली न्यूयॉर्कमधल्या चारशेहून अधिक खुनांची छाननी केली. ड्रग्जशी संबंध असलेल्या खुनांपैकी बहुसंख्य तिसऱ्या प्रकारचे निघाले, म्हणजे क्रॅक कोकेनच्या धंद्यातले. नशेत तोल जाऊन झालेले खून त्यामानाने थोडे होते, आणि त्यांतही मोठा वाटा दारूचा होता, म्हणजे दुकानात उघडपणे मिळणाऱ्या पदार्थाचा.

म्हणजे बंदी उठवली तर तिसऱ्या वाटेवरची हिंसा कमी होण्याची खरी शक्यता आहे. पदार्थ स्वस्त झाला तर दुसऱ्या वाटेवरची चोरीही कमी होईल. पहिल्या वाटेचं मात्र उलटं होऊ शकतं, कारण माल सहज मिळू लागला की घेणारे वाढतात. बंदीच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे बहुतेक लोक या तिघांपैकी एकच वाट डोळ्यांसमोर ठेवून बोलतात.

अमेरिकेच्या दारूबंदीचा दाखला दोन्ही बाजू देतात, आणि दोन्ही बाजू तो अर्धाच देतात. ही बंदी जानेवारी १९२० मध्ये लागू झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये उठली. या काळात टोळ्या मातल्या. शिकागोत फेब्रुवारी १९२९ मध्ये एका गॅरेजात सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालण्यात आल्या. टोळीचा म्होरक्या अल कपोन याला १९३१ मध्ये शिक्षा झाली तीही खुनाबद्दल नाही, आयकर चुकवल्याबद्दल. पिण्यासाठी वापरलं जाऊ नये म्हणून औद्योगिक अल्कोहोलमध्ये सरकारच्या आदेशाने विषारी मिथेनॉल मिसळलं जाई. तेच चोरून विकलं गेलं आणि लोक मेले. हा झाला मोकळीकवाल्यांचा अर्धा भाग. दुसरा अर्धा असा, की बंदीच्या पहिल्या वर्षांत दारू पिण्याचं प्रमाण खरोखरच बरंच उतरलं होतं आणि यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यूही घटले होते. बंदीने पिणारे कमी झाले आणि टोळ्या वाढल्या, दोन्ही एकाच वेळी.

पोर्तुगाल, ओरेगन आणि झुरिकची बाग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पोर्तुगालमध्ये हेरॉइनचं व्यसन इतकं पसरलं होतं की दर शंभर माणसांमागे एक जण त्यात अडकल्याचा अंदाज होता. सुया एकमेकांच्या वापरल्यामुळे एचआयव्ही झपाट्याने वाढत होता. जुलै २००१ पासून तिथे नवा कायदा आला. स्वतःच्या वापरापुरता, साधारण दहा दिवस पुरेल इतका माल जवळ सापडला तर तो फौजदारी गुन्हा राहिला नाही. हेरॉइनसाठी ही मर्यादा एक ग्रॅम, कोकेनसाठी दोन ग्रॅम. त्याहून जास्त सापडलं तर पूर्वीसारखाच तस्करीचा संशय आणि खटला.

माल पोलीस जप्त करतातच. सापडलेल्या माणसाला मात्र कोर्टाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे जावं लागतं. सदस्य कायदा, वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले असतात. टेबलाभोवती बसून ते विचारतात: किती वर्षं घेतोस, काम आहे का, घरी कोण आहे, पूर्वी उपचार घेतलेस का? व्यसन लागलेलं नसेल तर प्रकरण बहुधा तिथेच थांबतं. लागलेलं असेल तर उपचाराचा रस्ता दाखवतात, आणि तो रस्ता खरोखर कुठेतरी पोचतो, कारण त्याच काळात सरकारने मेथाडोन (हेरॉइनची ओढ शमवणारं औषध) देणारे उपचार, स्वच्छ सुयांचं वाटप आणि पुनर्वसन केंद्रं उभी केली होती. सुई घेणाऱ्यांमधल्या एचआयव्हीच्या नव्या लागणी २००१ मध्ये हजाराच्या घरात होत्या, त्या पुढे काही डझनांवर आल्या. देश व्यसनी होईल, पर्यटक नशेसाठी येतील, ही भाकितं खोटी ठरली.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जनमताने तसाच कायदा केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू केला. जवळ थोडा माल सापडला तर १०० डॉलर दंडाची पावती, आणि एका हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. दंड न भरणाऱ्याचं कोणी काही करत नव्हतं. उपचारांसाठी राखलेला पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला. त्याच सुमारास फेंटानिल राज्यात शिरलं, त्यामुळे वाढलेल्या मृत्यूंचा दोष कायद्याला किती द्यायचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण रस्त्यावर उघड नशा करणारी माणसं रोज दिसत होती, लोकांचा धीर सुटला, आणि सप्टेंबर २०२४ पासून ड्रग्ज जवळ बाळगणं तिथे पुन्हा गुन्हा ठरलं.

दोन्हीकडे शिक्षा काढली, पण शिक्षेच्या जागी पोर्तुगालने माणूस बसवला आणि ओरेगनने पावती. मला या तुलनेतून एवढंच ठामपणे म्हणता येतं की तुरुंग बंद केल्याने उपचार सुरू होत नाहीत. पोर्तुगालमध्येही २०१२ नंतर या कामाची राष्ट्रीय संस्था मोडून जबाबदारी विभागांकडे गेली, पैसा आटला, आणि अलीकडच्या वर्षांत पोर्तो आणि लिस्बनच्या काही भागांत उघड्यावरची नशा पुन्हा दिसू लागली आहे.

स्वित्झर्लंडची गोष्ट याहून जुनी. झुरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे प्लाट्झस्पिट्झ नावाची बाग आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रशासनाने नशा करणाऱ्यांना तिथे मोकळीक दिली, या आशेने की निदान एका जागी राहतील. रोज शेकडो माणसं तिथे जमत. गवतात सुया, झाडाखाली बेशुद्ध पडलेली पोरं, त्यांना शुद्धीवर आणायला धावणारे डॉक्टर. १९९२ मध्ये बाग बंद केली तर हाच जमाव जवळच्या एका जुन्या रेल्वे स्थानकात गेला. नुसती मोकळीक आणि नुसती हकालपट्टी, दोन्ही फसल्यावर १९९४ मध्ये तिसरा प्रयोग सुरू झाला: इतर उपचार घेऊनही न सुटलेल्या जुन्या व्यसनींना दवाखान्यात शुद्ध हेरॉइन द्यायचं. भेसळीची भीती नाही, डोस मोजलेला, आणि पैशासाठी चोरी करण्याचं कारणच उरत नाही. या रुग्णांनी केलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. देशातले ओव्हरडोसचे मृत्यू नव्वदच्या सुरुवातीला वर्षाला चारशेच्या वर गेले होते, ते पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली उतरले. २००८ मध्ये सार्वमत झालं तेव्हा ६८ टक्के मतदारांनी ही योजना कायम केली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी गांजा खुला करण्याचा प्रस्ताव मात्र फेटाळला. मला हा निकाल फार समंजस वाटतो. आजारी माणसाला औषध म्हणून देणं आणि बाजारात विकायला ठेवणं यातला फरक सामान्य मतदाराला नीट कळला होता.

बाजार खुला केला की विकणाराही येतो

मोकळीकवाल्यांच्या मांडणीतली सर्वांत कच्ची जागा इथे आहे. सरकारने बंदी उठवली की टोळीची जागा रिकामी होते. त्या जागी जो येतो त्यालाही माल खपवायचाच असतो.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी आणली. गोळीतलं औषध हळूहळू सुटतं, म्हणून व्यसनाचा धोका कमी, असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. सगळं कायदेशीर होतं: परवाना, चिठ्ठी, औषधाचं दुकान. दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये फौजदारी गुन्हा कबूल केला. तोवर लाखो लोकांना सवय लागली होती. गोळ्यांवर निर्बंध आले तसे त्यांतले कित्येक हेरॉइनकडे आणि मग फेंटानिलकडे गेले. २०२२ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने एक लाखाहून अधिक माणसं गेली. ही लाट कायदेशीर कारखान्यातून निघाली होती.

दारू आणि तंबाखूचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये दारूमुळे जगात २६ लाख मृत्यू झाले आणि तंबाखू सोडून बाकीच्या नशेच्या पदार्थांमुळे ६ लाख. तंबाखू एकटा दरवर्षी सत्तर लाखांहून जास्त माणसं मारतो. हे आकडे सांगून कोणी म्हणतं, मग दारूपेक्षा कमी घातक पदार्थांवर बंदी कशाला? दुसरा तोच आकडा दाखवून म्हणतो, खुलं केलं की किती मरतात ते बघा. मला दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं, पण त्यातून बंदीच हवी असं मात्र निघत नाही. जाहिरात, पाकीट, वय, ताकद आणि कर यांचे नियम माल दुकानात येण्याआधी हवेत, इतकं निघतं. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा खुला करताना साधं पाकीट आणि जाहिरातीवर बंधनं ठेवली, आणि काही वर्षांत बहुतेक गिऱ्हाईक काळ्या बाजाराकडून परवान्याच्या दुकानांकडे वळलं. अमेरिकेतल्या काही राज्यांनी बाजाराला जास्त सैल सोडलं. तिथे आज असे अर्क मिळतात ज्यांत नशा आणणाऱ्या टीएचसीचं प्रमाण साठ टक्क्यांहूनही जास्त असतं. १९९५ च्या सुमारास तिथे जप्त होणाऱ्या गांजात ते चार टक्क्यांच्या आसपास असे.

पुरवठा तोडला तर?

आता बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला. २००१ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हेरॉइन अचानक मिळेनासं झालं. भाव चढले, शुद्धता घसरली आणि ओव्हरडोसचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. काही लोक दुसऱ्या पदार्थांकडे वळले, पण मृत्यूंतली घट टिकली. म्हणजे पुरवठा तुटला तर जीव वाचू शकतात, हे मोकळीकवाल्यांनी मान्य करायला हवं.

पण असं क्वचित घडतं. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी अफगाणिस्तानातलं अफूचं क्षेत्र २ लाख ३३ हजार हेक्टरवरून ११ हजारांच्या खाली आलं. इतिहासात इतकी मोठी घट क्वचित झाली असेल. त्याच वर्षी म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक झाला. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात ते यालाच. नव्वदच्या दशकात पेरू आणि बोलिव्हियातली कोकाची लागवड आवळली तेव्हा ती कोलंबियात वाढली होती.

बंदीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. माल लपवून न्यायचा असेल तर तो जितका छोटा आणि जहाल तितका सोयीचा. दारूबंदीत पिंपभर बिअरपेक्षा बाटलीभर कडक दारू नेणं परवडत होतं. अफूची जागा हेरॉइनने घेतली आणि हेरॉइनची फेंटानिलने, जे त्याच्या सुमारे पन्नासपट ताकदीचं आहे. शेत नको, पाऊस नको, रसायनं आणि एक खोली पुरते. पाकिटात मावणाऱ्या मालासाठी सीमेवरची किती वाहनं उघडून बघणार?

शिक्षेचा धाक कधी बसतो

इटलीतल्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये लिहून ठेवलं की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाची भीती जास्त वाटते. अडीचशे वर्षांनंतरचं संशोधनही बहुतांशी तेच सांगतं. पकडलं जाण्याची शक्यता वाढली तर गुन्हे कमी होतात. शिक्षा दहा वर्षांवरून वीस केली तर फारसा फरक पडत नाही, कारण गुन्हा करणारा माणूस पुढच्या आठवड्याचा विचार करत असतो, विसाव्या वर्षाचा नाही. नशेच्या ओढीत असलेला तर तेवढाही नाही.

हवाईमध्ये २००४ पासून न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांसाठी याच तत्त्वावर प्रयोग केला. लघवीच्या तपासणीत ड्रग्ज सापडली की लगेच, न चुकता, पण थोड्याच दिवसांची कैद. पूर्वी दहा वेळा सोडून द्यायचे आणि अकराव्या वेळी कित्येक वर्षांसाठी आत टाकायचे. नव्या पद्धतीत नशा करणारे आणि पुन्हा अटक होणारे दोघेही बरेच घटले. इतर ठिकाणी हीच पद्धत नेली तेव्हा इतकं यश मिळालं नाही, हेही खरं. अशा कामात न्यायाधीश, पोलीस आणि सुटकेनंतर लक्ष ठेवणारे अधिकारी यांना एका तालावर चालावं लागतं, आणि ते सगळीकडे जमत नाही.

ड्रग्जच्या धंद्यात शिक्षा बोथट होण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला वाटतं संपूर्ण वादातला हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. एखाद्या खुन्याला तुरुंगात टाकलं तर त्याच्या हातून होऊ शकणारे खून थांबतात. त्याच्या जागी खून करायला कोणी अर्ज करत नाही. चौकात माल विकणाऱ्याला टाकलं तर जागा रिकामी होते, गिऱ्हाईक तिथेच असतं, आणि संध्याकाळपर्यंत दुसरा उभा राहतो. कधी कधी त्या जागेसाठी नवी मारामारी होते आणि हिंसा उलट वाढते. म्हणून एका दरोडेखोराला दिलेली दहा वर्षं आणि माल पोचवणाऱ्या एका वाहकाला दिलेली दहा वर्षं समाजाला सारखं संरक्षण देत नाहीत.

फाशी

देहदंडाने खून कमी होतात का? १९७५ मध्ये अर्थतज्ज्ञ आयझॅक एर्लिक यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून दावा केला की एक फाशी सात-आठ खून टाळते. हा निष्कर्ष कोर्टांपर्यंत पोचला. इतरांनी तेच आकडे तपासले तर १९६० च्या दशकातली शेवटची काही वर्षं वगळताच परिणाम नाहीसा झाला. पुढे दोन्ही बाजूंनी कित्येक अभ्यास आले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने ते सगळे तपासून सांगितलं की फाशीने खून वाढतात, घटतात की काहीच होत नाही, हे या अभ्यासांवरून ठरत नाही, आणि धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये. निकाल दोन्ही बाजूंना लागू आहे. 'फाशीने काहीच फरक पडत नाही हे सिद्ध झालंय', असंही म्हणता येत नाही.

तरी काही तुलना विचार करायला लावतात. कॅनडाने १९७६ मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली. त्याआधीच्या वर्षी दर लाख लोकांमागे तीन खून होत होते. ते पुढे उतरत २०१३ मध्ये दीडच्या आसपास आले. हाँगकाँगने १९६६ नंतर कोणाला फाशी दिली नाही, तर सिंगापूरमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यात लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक फाश्या होत होत्या. या दोन शहरांतल्या खुनांचे आलेख एकावर एक ठेवले तर जवळजवळ सारखेच उतरताना दिसतात.

फाशीचे अनेक समर्थक मात्र धाकाचा हिशेब मांडतच नाहीत. ते म्हणतात, काही कृत्यं इतकी अमानुष असतात की करणाऱ्याला दुसरी शिक्षा न्याय्य ठरत नाही. आकडेवारीने हे म्हणणं खोडता येत नाही आणि त्यामागच्या वेदनेची टिंगल तर मुळीच करू नये. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना आलेखात रस नसतो. यावरचं माझं उत्तर आकड्यांबद्दल नाही, न्यायालयाच्या हातून होणाऱ्या चुकीबद्दल आहे. चूक झाली तर काय?

लंडनमध्ये मार्च १९५० मध्ये टिमथी एव्हान्स यांना स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिली. खटल्यात सरकारतर्फे साक्ष दिली होती त्याच घरात राहणाऱ्या जॉन क्रिस्टीने. तीन वर्षांनी त्या घरात आणखी मृतदेह सापडले आणि क्रिस्टी हाच खुनी असल्याचं बाहेर आलं. एव्हान्स यांना १९६६ मध्ये माफी मिळाली, मरणोत्तर. भारतात २००३ च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. जखमी प्रत्यक्षदर्शीने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झालं. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. फाशी आधीच दिली गेली असती तर ती भरपाई घेणारं कोणी उरलं नसतं.

आणि ड्रग्जसाठी फाशी

२०२४ मध्ये जगभरात नोंदल्या गेलेल्या दीड हजाराहून अधिक देहदंडांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त ड्रग्जच्या गुन्ह्यांसाठी होते, मुख्यतः इराण, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये. चीन आपले आकडे गुप्त ठेवतो, म्हणून ते यात नाहीत. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार फाशीला फक्त 'अत्यंत गंभीर' गुन्ह्यांपुरती मुभा देतो, आणि तो राबवणाऱ्या समितीने २०१८ मध्ये त्याचा अर्थ हेतुपुरस्सर केलेला मनुष्यवध असा लावला. ड्रग्जचे गुन्हे त्यात बसत नाहीत.

फाशीपर्यंत पोचतो कोण, ते पाहा. सिंगापूरच्या कायद्यात दोन ग्रॅमहून जास्त हेरॉइन सापडलं की ते विक्रीसाठीच होतं असं गृहीत धरलं जातं. बॅग तुमच्या ताब्यात असेल तर आत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं, असंही धरलं जातं. ते खोटं असेल तर सिद्ध आरोपीने करायचं. २०१२ च्या दुरुस्तीने एक पळवाट ठेवली: आरोपी निव्वळ वाहक असेल आणि टोळी पकडायला त्याने भरीव मदत केली असं सरकारी वकिलाने प्रमाणपत्र दिलं, तर न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप देऊ शकतो. वर पाहता दयाळू तरतूद आहे. पण वाहकाला माहिती किती असते? फोनवरचा एक आवाज, बॅग देणाऱ्याचा चेहरा, उतरायचं ठिकाण. धंद्यात जितका वर तितकी माहिती जास्त आणि म्हणून वाचण्याची संधी जास्त. सगळ्यात खालच्या, कर्जापायी बॅग उचललेल्या माणसाकडे देण्यासारखं काही नसतं. त्याच्या मागे उभा असलेला मालक नवा वाहक शोधतो.

भारताने १९८९ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक मोठ्या साठ्यासह दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशी सक्तीची केली. न्यायाधीशापुढे दुसरा पर्यायच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेनेही फाशी ऐच्छिक केली. या कायद्याखाली खालच्या कोर्टांनी फाशी सुनावली आहे, पण ती प्रत्यक्षात कोणाला दिली गेलेली नाही. फिलिपिन्समध्ये २००६ पासून फाशीच नव्हती. तरी २०१६ नंतरच्या 'ड्रग्जविरोधी युद्धात' पोलिसांच्या कारवाईत मारले गेलेल्यांचा सरकारी आकडाच सहा हजारांवर गेला, ना खटला ना वकील. त्या वेळचे अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक करून हेग इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या ताब्यात देण्यात आलं.

माझं मत सरळ आहे. व्यसनी माणसाला तुरुंगात पाठवू नये, त्याला उपचार मिळावेत आणि त्यासाठी पैसा दरवर्षी खर्च व्हावा. विक्री खुली करायचीच तर सौम्य पदार्थांपासून, कडक नियमांसह आणि जाहिरातीविना. आणि बॅग उचलणाऱ्याला फासावर चढवून धंदा बंद पडतो, असा पुरावा मला कुठेही दिसलेला नाही.

मलेशियाने २०२३ मध्ये फाशीची सक्ती काढून टाकली. तिथेही तोवर ठरावीक वजनाच्या पुढे न्यायाधीशाला बहुतेक वेळा एकच शिक्षा देता येत होती. फाशीच्या यादीतल्या हजाराच्या आसपास कैद्यांना शिक्षेचा फेरविचार मागण्याची मुभा मिळाली. त्यांतले कित्येक ड्रग्जच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले होते. न्यायाधीशांनी एकेका माणसाचं वय, त्याची धंद्यातली भूमिका, आधीचे गुन्हे पाहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांची फाशी रद्द करून त्यांना कैदेची शिक्षा दिली.